पेपर मोजण्याआधी नोंदवही उघडा

फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, गुंडाळली. तेव्हापासून आपल्याकडे एकच घोर: आता प्राध्यापकांचे पेपर मोजायचे कसे? त्यात एक दाखला हमखास येतो. डच संगणकशास्त्रज्ञ विल फान डर आल्स्टचे शेकड्यांनी पेपर आहेत, मग आमची मोजणी चुकली कुठे?

मोजणीतच चुकली. हा माणूस १९९२ साली आइंडहोव्हनला पीएचडी झाला. विषय होता पेट्री नेट्सचा लॉजिस्टिक्समधला वापर. पेट्री नेट म्हणजे वर्तुळं, चौकोन आणि त्यांतून सरकणारे टोकन. तेच हत्यार त्याने पुढे कचेऱ्यांच्या कामाला लावलं. नियमपुस्तकात लिहिलंय तसंच काम प्रत्यक्षात होतं का, हा त्याचा प्रश्न.

नोंदींवरून कामाचा खरा क्रम शोधणाऱ्या त्याच्या २००४च्या अल्फा अल्गोरिदमला तीन रकाने पुरतात: प्रकरण क्रमांक, कृती, वेळ. छाननीनंतर लगेच मंजुरी दिसते, उलटं कधीच नाही, तर छाननी आधीची पायरी. दोन्ही क्रम दिसले तर कामं समांतर. एकही दिसला नाही तर थेट संबंध नाही. आता हे आपल्या कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायलींना लावून बघा. आवक-जावक नोंदवहीत नुसती तारीख असते. एकाच दिवशीच्या दोन नोंदी कुठल्याही क्रमाने वाचल्या जातात आणि एकामागून एक झालेली कामं समांतर ठरतात. एखादीच उलटी नोंद असली तरी तेच, कारण अल्फा वारंवारता बघतच नाही. अर्ज त्रुटीसाठी परत, पुन्हा छाननी, पुन्हा परत, असं छोटं चक्र आलं की अल्फा फसतो, कारण दोन्ही क्रम दिसतात आणि तो त्यांना समांतर समजतो. (आपल्या फायलींत चक्राशिवाय असतं काय म्हणा!) मग वारंवारता मोजणाऱ्या पद्धती आल्या, २०१३मध्ये इंडक्टिव्ह मायनर आला. एका पेपरातलं भोक पुढच्या पेपरात बुजवायचं. आकडा वाढतो तो असा.

शिवाय मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये पीएचडीवाला बहुधा चार वर्षांचा पगारी कर्मचारी असतो. तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात धावणाऱ्याला त्याच फुटपट्टीने मोजायचं म्हणजे थट्टाच.

इथलं सगळं सोनंच आहे असंही नाही. युट्रेख्ट विद्यापीठाने २०२१मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) बाजूला ठेवायचं ठरवलं, तर दीडशेहून अधिक संशोधकांनी विरोधात सही केली. फान डर आल्स्ट तर २०१८मध्येच सीमेपलीकडे जर्मनीत, आखेनला निघून गेला. घरच्यांशी वाद घालताना ही दोन वाक्यं मी गिळतो. आणि इथे कुणी भारतीय पीएचडीवर नाक मुरडलं की मीच नेट-सेट किती कठीण असते ते सांगत सुटतो, केअर यादीचीही बाजू घेतो.