डब्याच्या झाकणावरची खूण आणि पेशीतले प्रथिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आठवीच्या वर्गात पेशीअंगके, म्हणजे पेशीतले आपापले ठरावीक काम करणारे छोटे भाग, शिकवताना मुंबईच्या डबेवाल्यांचा दृष्टांत मी कसा वापरते, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिली, त्याबद्दल मनापासून आभार. पेशीत जाणता असा कोणीच नसतो, त्यामुळे डबेवाल्याचे नाव घेतले की मुले रेणूंनाही बुद्धी आणि हेतू बहाल करतात, असे आपण लिहिले आहे. दृष्टांत लक्षात राहतो आणि विज्ञान विसरले जाते, हे अकरावीला शिकवताना आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. म्हणून हे सगळे सोडून मुलांना सरळ सूक्ष्मदर्शकाशी बसवावे, असे आपले सांगणे आहे. यातला पहिला आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यालाच देते.

उपमेशिवाय हा पाठ आज कोणत्याच वर्गात शिकवला जात नाही, हे आधी नमूद करायला हवे. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाघर, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, केंद्रक म्हणजे पेशीचा मालक, हे मुले पाठ करूनच येतात. या उपमा एका अंगकाला एक बिरुद चिकटवून थांबतात आणि पुढे काही विचारायला जागाच ठेवत नाहीत. केंद्रक मालक असेल, तर आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी केंद्रकाशिवाय सुमारे १२० दिवस प्राणवायू कसा वाहतात? लयकारिका आत्मघातासाठीच असतील, तर निरोगी पेशीत त्या जुनी, निकामी अंगके पचवून त्यांतला माल पुन्हा वापरात आणतात, हे मुलांना सुचणार कसे?

डबेवाल्यांचा दृष्टांत मी जोड्या लावण्यासाठी घेतलेला नाही. अमुक स्थानक म्हणजे गॉल्गी संकुल (प्रथिनांवर संस्कार करून ती पुढे पाठवणारे अंगक), अमुक गाडी म्हणजे आंतर्द्रव्यजालिका (प्रथिने जिच्यात शिरून पुढे जातात ते पटलांचे जाळे), असा तक्ता मी फळ्यावर मांडत नाही आणि मुलांनाही मांडू देत नाही. मला एकच प्रश्न शिकवायचा असतो : पेशीत तयार झालेले प्रथिन नेमके आपल्या जागी पोहोचते कसे? त्यासाठी मी वर्गात ॲल्युमिनियमचा एक जुना डबा नेते आणि त्याचे झाकण हातोहात फिरवते. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे आहेत. डबा कुठल्या उपनगरातून निघाला, कुठल्या स्थानकावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा, एवढेच त्यांतून कळते. जेवणाऱ्याचे नाव कुठेही नाही. बोरिवलीला घरातून डबा उचलणारा, तो गाडीतून आणणारा, चर्चगेटच्या बाहेर लांब लाकडी पाटीत लावणारा आणि कचेरीत पोहोचवणारा हे वेगवेगळे असू शकतात, आणि प्रत्येकाने खुणेतला आपल्यापुरता भाग ओळखला की पुरते. संपूर्ण प्रवास कोणा एकाच्या डोक्यात असावा लागत नाही.

आपल्या आक्षेपाशी याचा थेट संबंध आहे. सगळे जाणणारा कोणीतरी मध्यभागी बसलेला असतो, ही मुलांच्या मनातली समजूत या दृष्टांताने ढिली होते, कारण इथे काम चालते ते मालावरच्या खुणेमुळे आणि ती टप्प्याटप्प्याने ओळखली गेल्यामुळे. पेशीतही तसेच घडते. प्रथिनाच्या साखळीतच त्याच्या मुक्कामाची खूण असते, हे दाखवून दिल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभी सर्वसाधारणपणे १५ ते ३० अमिनो आम्लांचा, म्हणजे साखळीच्या दुव्यांचा, एक तुकडा असतो. प्रथिनाची साखळी जिथे जोडली जाते त्या रायबोझोममधून तो बाहेर आला की पेशीद्रव्यातला एक कण त्याला चिकटतो, साखळीची वाढ थबकते, रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाशी जाऊन बसतो आणि मग वाढ पुन्हा सुरू होऊन साखळी आत शिरते.

वर्गात याच ठिकाणी कोणीतरी विचारते, “बाई, पण ती खूण वाचतं कोण? तिथे डोळे कुठे आहेत?” या प्रश्नासाठीच तर मी हा दृष्टांत निवडला. डबेवाल्याची सोबत इथे संपली, असे मी मुलांना स्पष्ट सांगते. पेशीत वाचणारे कोणी नाही. आतल्या पाण्यात सगळे रेणू उष्णतेमुळे सतत हलत असतात, एकमेकांवर आदळत असतात. बहुतेक धडका वाया जातात आणि जिथे आकार व विद्युतभार जुळतो तिथे ते काही काळ धरून राहतात. ओळखणे म्हणजे तेवढेच. मग मुलांकडून वहीत दोन वाक्ये लिहून घेते : डबेवाला खूण पाहतो आणि उचलतो, पेशीतला कण खुणेवर आदळतो आणि जुळले तर चिकटतो. दृष्टांत दिला नसता तर हेतूची कल्पना मुलांच्या मनात शिरली नसती, असे मला वाटत नाही. ‘पेशी ठरवते’, ‘केंद्रक आज्ञा देते’ ही भाषा त्यांच्या कानावर आधीपासून असतेच. दृष्टांतामुळे ती कल्पना त्यांच्याच तोंडून बाहेर पडते आणि मग ती खोडता येते.

दृष्टांत आणखी दोन ठिकाणी तुटतो, आणि तेही मी त्याच तासाला दाखवते. डब्यातली भाजी वाटेत बदलत नाही. प्रथिनाला जोडलेल्या शर्करांची मात्र गॉल्गी संकुलात काटछाट होते, नव्या शर्कराही जोडल्या जातात आणि काही खुणा तर तिथेच चढतात. शिवाय प्रथिन वाहून नेणारी पिशवी मुक्कामी पोहोचली की तिचे पटल तिथल्या पटलात मिसळून जाते, ती वेगळी उरत नाही.

आता विज्ञान विसरले जाण्याविषयी. एका सकाळी डब्यांवर मुक्कामाची खूण काढायचीच राहून गेली तर काय होईल, असे मी विचारते. जेवण बिघडणार नाही, डबे निघतीलही, पण ज्यांना हवे त्यांना मिळणार नाही आणि डबे भलतीकडे जातील, हे मुले लगेच सांगतात. त्यानंतर मी खरी हकिगत सांगते. लयकारिकेकडे जाणाऱ्या विकरांवर, म्हणजे पचनाचे काम करणाऱ्या प्रथिनांवर, गॉल्गी संकुलात मॅनोज-६-फॉस्फेट ही खूण चढते. ती चढवणारी यंत्रणाच जन्मतः सदोष असेल, तर विकरे तयार होतात पण लयकारिकेत पोहोचत नाहीत. “मग ती रक्तात सापडतात का?” असे एका मुलीने मला विचारले होते. हो, सापडतात. या विकाराला आय-सेल रोग म्हणतात. त्यात ही विकरे पेशीबाहेर पडून रक्तात वाढलेली आढळतात, लयकारिका न पचलेल्या पदार्थांनी फुगतात आणि बाळाची शरीराची व बुद्धीची वाढ खुंटते. ज्या मुलीने हा प्रश्न विचारला तिने फक्त डबा लक्षात ठेवला, असे कसे म्हणावे? ऊर्जाघर आणि मालक या उपमांवरून असा अंदाज बांधता येत नाही. मी दृष्टांताची पारख यावरूनच करते : त्यावरून मुलाला नवा अंदाज करता यावा आणि तो अंदाज पेशीत खरा की खोटा हे तपासता यावे. उत्तरपत्रिकेत डबेवाला लिहायचा नाही, ही ताकीद मीही देते.

सूक्ष्मदर्शकाबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि कांद्याच्या पापुद्र्यापासूनच माझा पाठ सुरू होतो. पण शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून पेशीभित्तिका आणि केंद्रक दिसते, त्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. साध्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि प्रथिने वाहणाऱ्या पिशव्या बहुधा ५० ते १०० नॅनोमीटरच्या असतात. कॅमिलो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये ज्या रचनेचे वर्णन केले, ती खरी की रंगवण्याच्या पद्धतीतून उद्भवलेली, हा वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत चालला. त्याही सूक्ष्मदर्शकातले चित्र स्थिर असते. प्रथिन आधी कुठे आणि नंतर कुठे जाते, हे पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पॅलेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना किरणोत्सारी अमिनो आम्लांचा माग काढून ठरवावे लागले. आठवीच्या मुलाला ही वाटचाल डोळ्यांनी दाखवण्याची सोय माझ्याकडे नाही.

रेणूंची धडपड मात्र थोडी दाखवता येते. दुधाचा थेंब भरपूर पाण्यात मिसळून त्यातला एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, कव्हर स्लिपच्या कडा व्हॅसलिनने बंद करायच्या आणि ४०० पट मोठे करून पाहायचे. स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरताना दिसतात, कारण न दिसणारे पाण्याचे रेणू त्यांना सगळीकडून ढकलत असतात. कडा नीट बंद झाल्या नाहीत तर पाणी वाहू लागते, सगळे गोळे एकाच दिशेने सरकतात आणि कोणीतरी त्यांना नेत आहे असा मुलांचा समज होतो. खूण कोण वाचते हा प्रश्न आला की पुढच्याच तासाला मी हे दाखवते. यासाठी याहून चांगला नमुना आपल्या प्रयोगशाळेत वापरात असेल, तर तो कसा तयार करायचा हे कृपया कळवावे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हा पाठ शिकवताना मला तो वापरून पाहता येईल.