कटिंग, चहा आणि जाळपोळ

केस वाढणं ही महिनाभर आधी ठरवून करायची गोष्ट आहे, अशी जर्मन सलूनवाल्यांची पक्की समजूत असावी. फोन केला की बाई गोड आवाजात पुढच्या महिन्यातली वेळ देतात. तोवर पाठीमागून येणारा माणूस आपल्याला ‘मॅडम, जरा सरकता का’ म्हणायच्या बेतात असतो. शिवाय सोमवारी बहुतेक सलूनं बंद. सोमवारी डोक्याला कात्री लावू नये हे आमच्या आजीचं मत राइन नदीपर्यंत कसं पोचलं, ते तिलाच ठाऊक.

म्हणून कोलोनमधली आम्ही देशी मंडळी शेवटी तुर्की सलून गाठतो. स्टेशनच्या मागे थोडं चाललं की वायडनगासे नावाची गल्ली लागते. कबाबाचा धूर, सोन्याच्या दागिन्यांची दुकानं, आणि मधेच काचेवर कात्री रंगवलेलं सलून. वेळ-बिळ घ्यायची भानगड नाही, आत शिरायचं नि बाकावर बसायचं. भिंतीवर निळ्या डोळ्याचा मणी, त्याच्या शेजारी गलातासराय या तुर्की फुटबॉल क्लबचा झेंडा, आणि त्याखाली चौकटीत बसवलेलं माइस्टरचं, म्हणजे उस्ताद कारागिराचं, प्रमाणपत्र. या देशात सलून चालवायला ते लागतं. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीपेक्षा त्यावरचे शिक्के जास्त आहेत, हे मी पहिल्या भेटीतच हेरलं.

1961 साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार मागवले. त्यातले पुष्कळजण कोलोनच्या नील भागातल्या फोर्डच्या कारखान्यात लागले. गाड्या जोडायला माणसं आली, माणसांबरोबर त्यांची डोकी आली, आणि डोक्यांमागोमाग ही खुर्ची. आमच्या या कारागिराचे आजोबाही फोर्डमध्येच होते म्हणे. नातू मात्र गाडीपेक्षा माणूस उघडून बघण्यात रमला.

तो मला ‘आबी’ म्हणतो, म्हणजे दादा. टाळूवर चांदणं पडायला लागलेल्या माणसाला जो काका म्हणत नाही त्याच्यापुढे मान तुकवायला माझी हरकत नसते. पण मान तुकवली की हात बांधले जातात, हे मागाहून कळलं. कारण आधी गळ्याभोवती कागदाची पट्टी, त्यावर ते मोठं काळं कापड, आणि मग समोर चहा. कमरेशी निमुळता झालेला चिमुकला काचेचा पेला, बिनदुधाचा लालभडक चहा, बशीत साखरेचे दोन खडे. माझे दोन्ही हात कापडाखाली. चहा थंड होतोय, त्यात माझेच केस उडून पडतायत, आणि तो मशीन थांबवून आपुलकीने विचारतोय, ‘चाय?’ मी कापडाखालून नागासारखा एक हात काढून घोट घेतला. केसासकट.

प्रत्यक्ष केस कापणं हा यातला किरकोळ भाग. बाजूला बारीक, वर राहू दे, एवढं माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगून झालं आणि ते त्याने झटपट उरकलंही. मी उठायला लागलो तर त्याने खांद्यावर हात ठेवून परत बसवलं.

मग त्याने काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि लायटरने पेटवला. मला वाटलं आरती आहे. इतक्यात तो पेटता बोळा फटाफट माझ्या कानावर आपटायला लागला. एका हाताने जाळ, दुसऱ्या हाताने लगेच थापटी. जाळ-थापटी, जाळ-थापटी, अशी लय. भाजत नाही हे खरं आहे, कारण ज्योत कानाला टेकते-न-टेकते तोच पुढे जाते. पण हे शास्त्र कळायला डोकं शांत हवं, आणि माझ्या डोक्याशेजारी आग होती. होळीला शेंडी जळाल्यावर येतो तसला वास सुटला. आरशातून बघितलं तर बाकावरचे आजोबा पेपर वाचत होते.

नको म्हणावं, तर म्हणायचं कधी? हा प्रकार लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यासारखा आहे. तुम्ही ताटावर आडवा हात धरेपर्यंत जिलबी पडलेली असते. कान संपले तर गरम मेणाच्या दोन काड्या दोन नाकपुड्यांत. मेण घट्ट होईस्तोवर हा गेला दुसऱ्या खुर्चीकडे गप्पा मारायला. मी आ वासून, नाकातून दोन दांड्या बाहेर आलेल्या, आणि काचेपलीकडून एक बाळ बाबागाडीतून माझ्याकडे टक लावून बघतंय. नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, डोळ्यांत पाणी होतं.

गालांवर दोरा फिरवून झाला, त्याचं एक टोक त्याच्या दातांत. मग डोकं धुवायचं. आपण सवयीने मागे रेलतो, इथे पुढून मान धरून बेसिनात पालथं घालतात. नाकातोंडात पाणी, वरून मालिश. मालिश मात्र लाजवाब. बोटं मोडतात, दंड झाडतात, मानेचा कट्ट असा आवाज काढतात. इथे मला दादरचा आमचा सलूनवाला आठवला, पण तो तुरटी लावून थांबायचा.

हा थांबला नाही. त्याने ओंजळभर लिंबाचं कोलोन माझ्या तोंडावर मारलं. बाटलीवर 80 लिहिलेलं असतं, म्हणजे शंभरात ऐंशी भाग अल्कोहोल. मेणाने सोललेलं नाक, दोऱ्याने सोललेले गाल. मी जे ओरडलो ते मराठीत होतं.

गंमत म्हणजे हे पाणी मूळचं इथलंच. 1709 साली सुरू झालेली फारिनांची अत्तरपेढी अजून याच शहरात आहे, त्यांच्या सुगंधी पाण्याला गावाचं नाव पडलं. ते फिरत फिरत तुर्कस्तानात गेलं, तिथे त्याच्यात लिंबू शिरलं, आणि आता घरी येऊन ते माझ्या थोबाडीत मारतं.

पैसे रोखच. रुपयांत हिशोब करायचा नाही, हा नियम मी पाळतो. वर टिप ठेवली, कारण ज्याच्या हातात अजून लायटर आहे त्याच्याशी घासाघीस करत नाहीत.

घरी दार उघडताच बायको म्हणाली, ‘तिथेच थांब. कशाला शिवू नकोस. आधी आंघोळ.’

‘अगं, त्याने धुऊनच पाठवलंय.’

तिने जवळ येऊन वास घेतला, माझा कान पकडून उजेडात धरला. ‘अय्या, किती स्वच्छ! जूनमध्ये बाबा येतायत ना, त्यांनाही घेऊन जा. त्यांच्या कानांवर नुसतं रान माजलंय.’

सासरे साताऱ्याचे, निवृत्त फौजदार. त्यांच्या कानाशी कोणी जाळ नेला तर पुढे काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. पण तिकिटं काढून झाली आहेत, आणि तो पोरगा त्यांनाही ‘आबी’च म्हणणार आहे.