डिस्क गेली, हात शिवशिवले

हार्ड डिस्क मरायला टेकली की भिंतीवरच्या घड्याळासारखी वाजू लागते. टक्... टक्... टक्... मग आतली चक्री थांबते आणि त्या शांततेत माणसाचे हात शिवशिवायला लागतात. माझं ठाम मत आहे की डिस्क स्वतः जितका डेटा खाते, त्याहून जास्त हे शिवशिवणारे हात खातात.

आधी त्या आवाजाचं सांगतो. आपण तबकडीवर नेमके कुठे आहोत, हे हेडला, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला, तबकडीवरच कोरलेल्या सर्वो खुणांवरून कळतं. हेड अधू झालं किंवा पृष्ठभाग खराब झाला की खुणा दिसत नाहीत. मग ते बिचारं पार कडेला जाऊन आपटतं, परत येतं, पुन्हा शोधतं. डोळ्यांवरचा चष्मा काढून तोच चाचपडत शोधणाऱ्या माणसासारखं. गंमत एवढीच, की या प्रत्येक फेरीत ते तबकडीला ओरखडा काढू शकतं. म्हणून आवाज आला की वीज तोडायची. आपण काय करतो? कान लावून ऐकतो. मोबाइलवर रेकॉर्ड करतो. घरातल्यांना हाका मारतो, “अगं इकडे ये, आत्ता वाजेल बघ!” आणि खात्री पटावी म्हणून आणखी चार वेळा चालू करून दाखवतो.

तोवर सल्लागार जमतात. पहिला फ्रीजरवाला. डिस्क पिशवीत घालून रात्रभर गारठवायची म्हणे. बहुतेक डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं. गारठलेली डिस्क बाहेर काढली की हवेतलं बाष्प तबकडीवर दवासारखं बसतं, आणि मग त्या दवावरून हेड चालवायचं. दुसरा स्क्रू ड्रायव्हरवाला. त्याला फक्त ‘आत काय झालंय ते बघायचं’ असतं. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावते आणि हेड तिच्यापासून मोजक्या नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा साधा कण त्या फटीच्या कैक पट मोठा. म्हणजे सुसाट गाडीपुढे धोंडा ठेवून ‘नुसतं बघत होतो’ म्हणायचं. तिसरा जरा शिकलेला: तशाच डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावू. पण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असते, अनेकदा तर मुख्य चिपच्याच पोटात. ती हलवल्याशिवाय नवा बोर्ड म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा.

टकटक करणाऱ्या डिस्कचं घरी काहीच होत नाही. तिचं हेड बदलण्याचं काम धूळमुक्त खोलीतल्या लोकांचं. घरी हात घालायचा तो डिस्क वाजत नसेल, नुसती गोगलगाय झाली असेल तर. आणि तेव्हाच विंडोज सौजन्याने विचारतं: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू? म्हणजे विहिरीत पडलेल्यानं दोर मागावा आणि वरून कोणी विचारावं, विहीर बुजवू का? नाही म्हणायचं. लगेच चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधनही चालवायचं नाही. त्याला तुमच्या फायलींशी देणंघेणं नसतं, त्याला हिशोब जुळलेला हवा असतो. जुळत नसलेल्या नोंदी ते उडवतं, उरलेल्या तुकड्यांना ‘सीएचके’ असं आडनाव लावून एका फोल्डरमध्ये कोंबतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितं.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे मात्र जरूर बघावेत. नोंद क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत बसलेले. १९७ चढत असेल तर घाई करा. पण नुसता १९९ चढत असेल तर थांबा; तो बहुतेक वेळा केबलचा दोष असतो. केबल बदलली आणि डिस्क टुणटुणीत निघाली, तर गळा काढलेल्या माणसाची जी पंचाईत होते ती बघण्यासारखी असते.

खरं काम सोपं आणि अतिशय कंटाळवाणं आहे. जुन्या डिस्कइतकीच किंवा मोठी डिस्क आणायची, लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करायचं आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढायची. आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवीन. हा क्रम उलटा झाला तर कोऱ्या डिस्कची अप्रतिम प्रत जुन्या डिस्कवर उमटते. म्हणून लिनक्सने डिस्कना दिलेल्या एसडीए-एसडीबी या नावांवर विसंबू नका, सिरियल नंबर डोळ्यांनी जुळवा. पहिल्या फेरीत आज्ञेला ‘वजा एन’ लावायचं, म्हणजे सहज मिळेल ते आधी उचललं जातं आणि खराब जागा खरवडत बसणं टळतं. दुसऱ्या फेरीत ‘वजा आर ३’, म्हणजे खराब जागा आणखी तीनदा वाचून पाहायच्या. मॅपफाइल द्यायला विसरू नका. कुठवर आलो ते तिच्यात असतं, मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू होतं. धडधाकट एक टेराबाइट सेकंदाला १०० मेगाबाइटने पावणेतीन तासांत उतरतं. आजारी असेल तर दिवसही लागतात, आणि त्या दिवसांत करण्यासारखं काही नसतं. इथेच हात पुन्हा शिवशिवतात.

(एसएसडीवाल्यांनी हसू नये. तिथे टकटक नसते, आणि ट्रिम (पुसलेल्या जागा आपोआप मोकळ्या करणारी सोय) चालू असेल तर पुसलेली फाइल बहुधा कायमची जाते.)

इमेज हाती आली की पुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर. पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) हरवलं असेल तर ते शोधणारा टेस्टडिस्क हा प्रोग्राम. तेही जमलं नाही तर फोटोरेक, जे फाइल तिच्या सुरुवातीच्या बाइटवरून ओळखतं. फोटो परत येतात, नावं येत नाहीत. एफ आणि पुढे लांबलचक आकडा, असे हजारो. त्यात निम्म्या ब्राउझरने कधीकाळी साठवलेल्या बटणांच्या आणि बाणांच्या चित्रांच्या. लग्नाचे फोटो शोधताना ‘येथे क्लिक करा’ तीनशे वेळा भेटतं.

शेवटी मॅपफाइलमध्ये उणे चिन्हाच्या थोड्या ओळी उरतात, कधीच न वाचलेल्या जागांच्या. त्या नेमक्या कुठल्या फायलींत आहेत हे कळायचीही युक्ती आहे. डीडीरेस्क्यूचा फिल मोड इमेजच्या प्रतीत त्या जागी आपण देऊ तो मजकूर भरतो. मग ती प्रत माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी उघडून, ग्रेप या शोधाच्या आज्ञेने तो मजकूर शोधायचा. मजकूर कोणताही चालतो, फक्त फायलींत एरवी न सापडणारा हवा. इतके दिवस दाबून ठेवलेली अस्सल शिवी इथे कामी येते. शोध चालतो, कर्सर लुकलुकतो आणि यादी उमटते: केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, त्याच ड्रायव्हरची दुसरी प्रत, आणि ‘फायनल’ नावाची एक फाइल, जिच्या शेजारी ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरंच’ धडधाकट बसलेल्या असतात.