काळी पडली म्हणून सालीतलं पोटॅशियम दुप्पट होत नाही

परवा मामांकडे गेलो, तर गॅसवर केळीच्या काळ्या साली उकळत होत्या. मामांची किडनी दुबळी झालीय, रक्तातलं क्रिएटिनिन वर्षभर वाढलेलं आहे. त्यांना व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज असा: 'केळं काळं पडू द्या, सालीतलं पोटॅशियम दुप्पट होतं. साली उकळून पाणी प्या, किडनी साफ होते. उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, दुसरं खत नको. हिरवी साल विषारी, फेकून द्या.'

दुप्पट होईल कसं? पोटॅशियम मूलद्रव्य आहे, सालीत तयार होत नाही, ते मुळांवाटे जमिनीतून येतं. घड कापला की आवक बंद. पिकताना बदलतं ते वेगळंच. 2007 साली 'फूड केमिस्ट्री' या नियतकालिकात केळीच्या निरनिराळ्या जातींच्या साली कच्च्यापासून पिकेपर्यंत तपासल्याचा अभ्यास आला. स्टार्च घटतो, विरघळणारी साखर वाढते, खनिजांत पोटॅशियम सगळ्यात जास्त, असं त्यात आहे. साल सुकली की किलोमागचा आकडा फुगतो, एवढंच. एका सालीत जेवढं होतं तेवढंच राहतं.

पण जेवढं आहे तेवढंही मामांना घातक ठरू शकतं, आणि माझा संताप त्याचाच आहे. किडनी दुबळी असली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, बंदही पडू शकतात. म्हणून तर अशा पेशंटला भाज्या उकळून, पोटॅशियम उतरलेलं पाणी फेकायला सांगतात. मामी रोज बटाट्याचं पाणी मोरीत ओततात आणि त्याच गॅसवर सालींचं पाणी प्यायला ठेवतात! किडनी 'साफ' करायची म्हणून नेमकं तेच पाजायचं?

खताचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. पोटॅशियम पाण्यात सहज उतरतं. पण नत्र बरंचसं सालीतल्या प्रथिनांत अडकलेलं असतं, साल कुजल्याशिवाय ते झाडाला मिळत नाही. शिवाय पिकल्या सालीतल्या साखरेमुळे पाणी दोन दिवसांत आंबतं, कुंडीभर चिलटं होतात. बारीक चिरून कंपोस्टमध्ये टाका, कच्ची असो वा पिकली.

आणि हिरवी साल विषारी? बंगालात तिचा वाटून ठेचा करतात, भाताबरोबर खातात. तुरट असते, विषारी नाही.

मी गॅस बंद केला, पातेलं मोरीत ओतलं. मामा रागावले. त्यांच्या फाईलमधला पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा निघाला. उद्या सकाळी त्यांना रक्त तपासायला घेऊन जातोय. हा मेसेज तुमच्या घरातल्या किडनीच्या पेशंटपर्यंत पोचला असेल, तर आजच विचारा, ते पाणी किती दिवस पिताय?