ऑरेंज अलर्ट होता आणि दादर कोरडं राहिलं, त्याबद्दल

ताई, तुमची कमेंट वाचली. विजा, वादळ, पाणी भरेल असं लिहून मी घाबरवलं, तुम्ही मुलीला शाळेत पाठवलं नाही, ऑफिसला सुट्टी टाकली आणि दादरला थेंबही पडला नाही, म्हणजे हे अंदाज निव्वळ टाइमपास, असं तुमचं म्हणणं. सुट्टी फुकट गेल्याचा राग मी समजू शकतो. आणि एक चूक माझीच, वरती मोठ्या अक्षरात नुसतं "मुंबईत" लिहिलं आणि कुठे, किती वाजता ते खाली कुठेतरी टाकलं. सॉरी. पण टाइमपास म्हणालात ते नाही पटलं.

हवामान खातं अलर्ट देतं तो अख्ख्या जिल्ह्याला, आणि त्यात बहुतेक वेळा "तुरळक ठिकाणी" असं लिहिलेलं असतं, ते दोन शब्द आपण वाचतच नाही. त्यात हा परतीचा पाऊस, सकाळी कडक ऊन, दुपारी जीव नकोसा करणारा उकाडा आणि संध्याकाळी एकदम गडगडाट. हा ढग जेमतेम काही किलोमीटरचा असतो, अर्धा-पाऊण तास कोसळतो आणि संपतो, त्यामुळे मुलुंडला धो धो आणि दादरला चांदणं हे अगदी होऊ शकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला फक्त ७४ च्या आसपास, एकाच शहरात!

त्या दिवशी आम्ही कुर्ल्याला चाळीत होतो, तळमजल्यावर. मिठी नदीचं पाणी आधी मोरीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून, आणि आई पोटमाळ्यावर चढताना पिठाचा डबा तरंगत दाराकडे चालला होता तो तिने वाकून कडीला धरून ओढला. भिंतीवर स्विचबोर्डच्या वर मातकट रेघ राहिली ती दोनदा रंग दिला तरी दिसायची. म्हणून मी शक्यता असली तरी लिहितो, आणि लिहिणारच.

पाणी भरतं ते दिवसभरात किती पडला त्यापेक्षा तासाभरात किती पडला यावर. जुनी गटारं तासाला २५ मिमीच्या हिशोबाने बांधलेली, तीपण ओहोटी असताना, नंतर ५० चं काम काढलं पण ढग फुटल्यासारखा पडला आणि त्याच वेळी साडेचार मीटरची भरती असली तर पाणी समुद्रात जाणार कुठून? म्हणून सकाळी अलर्टचा रंग बघून लगेच सुट्टी टाकू नका, दुपारपासून खात्याचा नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीनेक तासांपुरता अंदाज, बघत राहा, आणि सोबत भरतीची वेळ बघा.

आणि तुम्ही दादरला नक्की कुठे राहता ते कळवा. हिंदमाताच्या बाजूला असाल तर तिथे खोलगट आहे, शिवाजी पार्कपेक्षा तुमचा हिशोब वेगळा. उद्या दुपारी अपडेट टाकतो, यावेळी एरिया आणि वेळ पहिल्याच ओळीत.