एवढी प्रार्थना करता, मग मिळालं काय?

आज दुपारी एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ह्यांचं कारखान्यातलं काम सुटल्याचं तिला कळलं होतं. आपुलकीनं चौकशी केली, बरं वाटलं. आणि फोन ठेवता ठेवता म्हणते, "दर रविवारी चर्चला जाता गं तुम्ही, एवढी प्रार्थना करता, मग मिळालं काय?" तेव्हा गप्प बसले. आता भाकऱ्या झाल्यात, लिहिते.

२०१९ चा पूर आपल्या निपाणी भागात कोण विसरेल? वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद. आमच्या घराची मागची भिंत बसली. ११ ऑगस्टला रविवार होता. आमचं बिऱ्हाड शाळेच्या वर्गात, अंगावरचे कपडे तेवढे आपले, आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळीच वेणी घालून तयार. म्हटलं, आज कुठं? तर म्हणाल्या, "देव काय पुरात वाहून गेला व्हय?"

चर्चमध्ये घोटाभर गाळ. गायनाची पुस्तकं भिजून पावासारखी फुगलेली. पाळकांनी उपदेश केलाच नाही. बायबलातल्या हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला आणि सगळ्यांनी खराटे, खोरी हातात घेतली. शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक चाल करून येणार हे ठाऊक असताना म्हणतो. आमच्यातल्या निम्म्यांचे गोठे त्या दिवशी खरंच रिकामे होते. कुणाला अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

आणि हिशेब आम्हाला विचारतात! तसा हा प्रश्न नवा नाही. १८२० मध्ये लंडन मिशनचे ख्रिस्ती प्रचारक बेळगावात आले. तेव्हापासून आमच्या वाडवडिलांनी हेच ऐकलं असणार, पीठ मिळालं म्हणून गेलात, शाळा मिळाली म्हणून गेलात. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या कर्नाटक विधानसभेच्या अधिवेशनात धर्मांतरबंदीचं विधेयक मंजूर झालं, नाताळ दोन दिवसांवर. त्या वर्षी आमची कॅरोलची पोरं ढोलकी न वाजवता गल्लीतनं गेली. काय मिळत होतं हो आम्हाला तेव्हा? तरी गेलो ना उपासनेला?

मान्य, आमच्यातलेही काही पास्टर 'विश्वास ठेवा, नोकरी लागेल' अशी हमी देत फिरतात. त्यांच्यामुळंच लोकांना असं विचारायला फावतं. आणि हो, प्रार्थनेनं आमची भिंत उभी राहिली नाही. ती गवंड्यानं बांधली, पंचनाम्यासाठी ह्यांनी कचेरीत हेलपाटे घातले, कन्नडातले फॉर्म दुसऱ्याकडनं भरून घेतले.

पण त्या रविवारी आत्तींनी पदराची गाठ सोडून दहाची नोट दानपिशवीत टाकली, ती मी पाहिली आहे. भिंत मिळावी म्हणून नव्हती ती नोट. दर रविवारी टाकायच्या, म्हणून टाकली. मला तेव्हा राग आला होता त्यांचा, चहापत्तीला पैसे नव्हते. आज ह्यांचं काम गेल्यावर कळतंय की घरात त्या दिवशी न डळमळलेलं एकच माणूस होतं.

बायबलात इयोबावर संकट कोसळतं, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सुरू झाले, तुझंच काहीतरी चुकलं असणार. बाई गं, तू दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातेस, मी कधी विचारलं का काय मिळालं म्हणून?

तिचा मुलगाही पुण्यात काम शोधतोय, हे लिहिता लिहिता आठवलं. घाबरलेली असेल तीसुद्धा. येत्या रविवारी उपासना साडेनऊला आहे, आम्ही दोघं जाणार. तिला फोन करीन त्यानंतर. आज नको, आज अजून डोकं तापलंय.