कानातल्यांची तार कशाची आहे, तेवढं लिहा ना!

हाताने घडवलेले दागिने मी मुद्दाम छोट्या कारागिरांकडूनच मागवते. पण दर वेळी तेच! फोटो सुरेख, खाली नुसतं 'सिल्व्हर'. आता ती चांदी, चांदीचा मुलामा की फक्त रंग, कळायचं कसं? विचारलं की उत्तर येतं, 'क्वालिटी एकदम छान आहे, ताई.' अहो, मी धातू विचारला! ९२५ चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेकदा तांबं. एका ओळीत मावतं हे. मुलामा असेल तर तसं सांगा, तरीही घेईन.

मापाचंही तसंच. तळहातावर ठेवून फोटो काढतात, पण तळहात केवढा?

परवा आलेल्या कानातल्यांचं मणीकाम इतकं नेटकं, की एक गाठ दिसत नव्हती. दिवसभर मिरवले. दुसऱ्या दिवशी पाळ्या लालभडक, खाज, भोकातून पाणी. मला निकेल हा धातू चालत नाही, आणि अशा कितीतरी जणी आहेत. एवढा जीव ओतून केलेली वस्तू, आणि अडलं कुठे, तर बोटभर तारेवर! आता ते डबीत पडून आहेत. घालवत नाहीत, टाकवतही नाहीत.